वॉल्टरच्या लॉनवरचे गुलाबी पक्षी

एल्म क्रॉसिंग, मिनेसोटा
१९ मे २०२५

ती. स्व. शशिकांत काकांस,
सिद्धेशचा सा. न. (पुढची अक्षरं आईला माहितीयेत, मला नाही. ती लिहिलीयेत असं समजा.)

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून पत्र. तुमचं घर विकायला तयार करतोय. किचन रंगवून झालं, जिन्याचा कठडा घट्ट केला. कॉलेज मला झेपलं नाही, पण कठडा झेपला. बाबांना ईडन प्रेरीला हे नक्की कळवा, ते मला कशातच धरत नाहीत.

समोरच्या चर्चवाल्यांनी मला कामाला लावलंय. चर्च गरम ठेवणारा त्यांचा फर्नेस मेलाय. नवा आला नाही तर हिवाळ्यात कुलूप लावून सगळ्यांनी पार काउंटीच्या मुख्य गावातल्या चर्चला जायचं. म्हणून फंडरेझिंग. पॅनकेक झाले, जुने कपडे विकून झाले. आता फ्लेमिंगो! प्लॅस्टिकचे गुलाबी पक्षी, अख्खा थवा. घरमालक बाहेर गेला की त्याच्या लॉनवर गुपचूप रोवायचे. त्याने देणगी दिली की उचलायचे, आणि पुढे कोणाकडे न्यायचे ते तोच सांगणार. आपल्याकडे येऊ नयेत म्हणून काही लोक आधीच पैसे भरतात, त्याला इन्शुरन्स म्हणतात. काका, वात्रटपणा करायचा आणि वर चर्चचा आशीर्वाद! असा जॉब मला आधी का नाही मिळाला यार? (सॉरी, यार तुम्हाला नाही.)

गुरुवारी वॉल्टर ट्रक घेऊन बाहेर गेला आणि मी त्याच्या लॉनवर सगळे पक्षी रोवले. तर इथल्या मदर जोॲन, म्हणजे चर्चच्या पाद्रीबाई, डोक्याला हात लावून बसल्या. म्हणाल्या, त्या घराला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. का, ते कोणी सांगेना. तुमचा तो शेजारी ना? आता चार दिवस झाले, तो पक्षी उचलायला सांगत नाही आणि पैसेही देत नाही. सगळं अडकलंय. काय करू?

काकूंना नमस्कार. रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमचा,
सिद्धेश


बेलव्ह्यू
२४ मे २०२५

चि. सिद्धेश यास,
अनेक आशीर्वाद, आणि त्याहून थोडे जास्त रागे भरणे.

अरे, विचारल्याशिवाय कोणाच्या दारात काही रोवू नये, एवढं तरी शाळेत शिकवलं असेल ना? वॉल्टरची बायको डॉरिस गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली. मी तिचा डॉक्टर होतो. शेजारी तर त्याआधीपासून. चर्चच्या ऑक्टोबरच्या सेलला तुझ्या काकूच्या सामोशांच्या टेबलावर गल्ला सांभाळायची ती डॉरिसच.

तिच्या अंत्यविधीला मी आणि तुझी काकू मागच्या बाकावर बसलो होतो. त्यांच्या प्रार्थनेत एक वेळ अशी येते की सगळे उठून एकमेकांना हात देतात, शांती असो म्हणतात. वॉल्टर बाकाबाकाला हात देत मागे आला. माझ्यासमोर थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि हात कोटाच्या खिशात घातला. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. ज्याची बायको गेली त्याने डॉक्टरला हात का द्यावा? पण त्यानंतर मला रोज त्याच्या खिडकीतला दिवा बघणं जमेना. मेमध्ये आम्ही इकडे लेकीकडे आलो. गुडघ्यांना जिना झेपत नाही म्हणून आलो, असं सर्वांना सांगितलंय. आसावरीलाही. तू तिच्यापाशी बोलू नकोस.

ते पक्षी आजच्या आज उचल. एक डॉलर मागू नकोस. माझं नाव तर अजिबात काढू नकोस.

जेवत जा. प्रेम आहे, फक्त सध्या ते दिसणार नाही.
तुझा,
शशिकांत काका


एल्म क्रॉसिंग
२ जून २०२५

ती. स्व. काकांस,
साष्टांग नमस्कार. यावेळी खरंच लोटांगण घालतोय, कारण मी तुमचं ऐकलं नाही.

पक्षी उचलायला गेलो. वॉल्टर पोर्चवर बसला होता. म्हणाला, ठेव खाली, नियम म्हणजे नियम, माझ्या मनात येईल तेव्हा पैसे देईन. मग मला कॉफी दिली. काका, ती कॉफी पिऊन माणसाला पाप आठवतं. त्याने पक्षी हलवून गेटपासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना उभे केलेत, लग्नात स्वागताला करवल्या उभ्या असतात तसे. पक्षी आल्यापासून रोज कोणी ना कोणी चौकशीला येतं म्हणे. मदर जोॲन दोनदा आल्या. पोस्टमन येऊन बसतो. त्याआधी सबंध हिवाळा त्याच्या दारातल्या बर्फात फक्त त्याच्याच बुटांचे ठसे होते. मग तो कशाला उचलू देतोय!

मग मी तुमचं नाव काढलं. रागवा. सरळच विचारलं, हात का नाही दिला? त्याने कप खाली आपटला, मला वाटलं आता ट्रकखाली घालतोय. मग म्हणाला, हो, रागावलो होतो. डॉकने (म्हणजे तुम्ही) मोठ्या हॉस्पिटलला ने म्हणून सांगितलं होतं, डॉरिसच नाही म्हणाली, हे सगळं माहीत होतं. पण रागवायला कोणीतरी समोर लागतं. देव फोन उचलत नव्हता आणि डॉक समोर उभा होता. राग उतरायला ईस्टर उलटून गेला. शेवटी तुमच्याकडे यायला निघाला, तर दारात सामानाचा ट्रक, आणि तुम्ही सकाळीच गेलेले. आता म्हणे त्याचा राग आहे तो त्यावर. न सांगता कोण जातं?

हे बोलला आणि आत जाऊन देणगी घेऊन आला. पुढचं घर कोणाचं, विचारलं. तुमचं.

सगळे पक्षी स्वतः रोवलेत त्याने, पेरणी करावी तसे सरळ ओळीत. तुमच्या रिअल इस्टेटवाल्या बाई चिडल्यात, कारण शनिवारी गिऱ्हाईक येणारे. पण आता पुढचं घर फक्त मालकच सांगू शकतो, म्हणजे तुम्ही. मदर जोॲनना विचारलं, बेलव्ह्यूहून चेक पाठवला तर चालेल का. चालेल म्हणाल्या. वॉल्टर तिथेच होता. त्याने टोपी घातली आणि निघून गेला.

आता तुम्ही ठरवा. मी फक्त लोभाचा अर्ज करतो, मंजूर करणं तुमच्याकडे.
तुमचा वात्रट,
सिद्धेश


बेलव्ह्यू
७ जून २०२५

चि. सिद्धेश,
आशीर्वाद.

चेक लिहून पाकीटही बंद केलं होतं. तुझ्या काकूने ते फोडलं आणि विचारलं, फर्नेसचे पैसे देऊन मोकळे होताय की वॉल्टरपासून? मी जेवलो नाही. तीही जेवली नाही. शेवटी आसावरीने तिकीट काढलं. गुडघ्यांचं खरं काय ते तिला आधीपासून कळत होतं म्हणे.

देणगी मी हातात देईन. पुढचं घर कोणाचं तेही तिथेच बघू. रिअल इस्टेटवाल्या बाईंना सांग, घर विकायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

येत्या शनिवारी दुपारी मिनियापोलिसला उतरतो. तू घ्यायला येऊ नकोस. वॉल्टरला पाठव. नाही म्हणाला तर जबरदस्ती करू नकोस, मी टॅक्सी करीन. पण आला तर गावापर्यंत दोन तासांचा रस्ता आहे, आणि चालत्या ट्रकमधून दोघांपैकी कोणालाच उतरून जाता येत नाही.

तुझ्यावर जीव आहे. जपून राहा.
शशिकांत काका