विरजण मागायला जा

प्रिय हर्षला,

फोनवर बोलायला गेलं की तुझे बाबा आणि तुझा भाऊ अक्षय कान लावून बसतात, म्हणून लिहिते. चौथी शिकलेली बाई मी, अक्षरं वाकडी आली तर चालवून घे. तब्येत विचारत नाय, फोटोत गाल दिसतात.

तुझ्या त्या एलेनीबाईचं ऐकून हसू पण आलं आणि राग पण. सायप्रस म्हणजे एवढंसं बेट, त्यात मधे तार. अलीकडं चर्चवाले ग्रीक, पलीकडं मशिदीवाले तुर्की. कॉफी तीच, तरी अलीकडं तिला ग्रीक म्हणायचं आणि पलीकडं तुर्की, आणि तू चुकून दुसरं बोललीस तर दुकानदारानं तोंड फिरवलं! मी एकटीच चुलीपाशी हसले. आणि ही एलेनी म्हातारी, जिची तू पगारावर एवढी सेवा करतेस, तिचं लढाईत सुटलेलं घर पलीकडं. तारेतलं फाटक उघडून किती वरसं झाली, लोक जातात येतात. तर म्हणते, माझ्याच घरी जायला शिपायाला कागद का दाखवू? तिकडं तिची लहानपणची मैत्रीण फात्मा आजारी, निरोपावर निरोप पाठवते, आणि ही खिडकीत बसून रडते. तू विचारतेस, आई, हिला नेऊ कशी?

आधी इकडचं ऐक. निवडणुकीपासनं आपलं गाव एका पक्षाचं, वरची ठाकरवाडी दुसऱ्याची. रस्ता आधी देवळाला का आधी वाडीला, एवढ्यावरनं. पालखीपुढं ढोल वाडीचा असायचा, तो बंद. होळ्या पण दोन. आपल्यातले शहाणे बोलायला लागले, ते जंगलातले, आपण वेगळे. कालपर्यंत त्यांच्याच हातची करवंदं खात होते मेले! वाडीतली कोंडी आणि मी, पळसदरीच्या धरणावर एका दगडावर कपडे आपटलेल्या बायका, बाजारात समोर आलो की खाली बघून भाजी निवडत बसायचो.

मला कंटाळा आला गं. परवा वाटी घेतली, चढ चढले, कोंडीच्या दारात उभी राहिले. बोलले, विरजण दे. विरजणाला कोण नाय म्हणतं? भांडलेल्या बाईला पण चमचाभर देतातच. तिनं मला वरपासनं खालपर्यंत बघितलं आणि बोलली, "इंदू, तुझ्या पदराला दही लागलंय." घरी मडकं भरलेलं, सकाळीच ताक केलेलं! दोघी अशा हसलो की तिच्या कोंबड्या पळाल्या.

तर तू असं कर. म्हातारी दही घरीच लावते, आणि लहानपणी तिच्या घरचं विरजण फात्माकडनं यायचं, हे तूच सांगितलंस. एक दिवस सगळं दही संपवून टाक, चमचाभर ठेवू नको. मग बोल, चला, विरजण आणायला जायचंय. घर बघायला जायचं म्हटलं की माणूस अडतो. वाटी घेऊन निघालेली बाई अडत नाय. कागद तू दाखव, वाटी तिच्या हातात दे.

आता खरं कशाला लिहिलं ते. वाटी भरताना कोंडी खाली बघून बोलली, हर्षला कधी येणार गं? आमचा विकास अजून एक पोरगी बघायला तयार नाय. तू दोन वरसं सुट्टीला का आली नाय ते मी विचारलं नाय, तू सांगितलं नाय, दोघींना ठाऊक. वाडीत पोरगी द्यायची नाय, असं बाबा ज्या ताटावरनं उठून बोलले, त्याच ताटात मी कोंडीच्या विरजणाचं दही वाढलं. चाटूनपुसून खाल्लं. मग मी सांगितलं कुणाकडचं ते. त्यांनी रिकामं ताट माझ्याकडं सारलं. मग बोलले, "पुढच्या वेळी पण तिच्याकडनंच आण. आणि पोरीला विचार, कधी येते."

म्हणून विचारते. होळी कुठलीपण असू दे, तू ये.

दही झाकून ठेवणारी,
तुझीच आई