उपवासाची साखर

२२ सप्टेंबर
बाबांनी घट बसवले आणि नऊ दिवसांचा उपवास धरला. डायबेटिस असताना! डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम महिनाभर भरत नाहीये. सेक्टरमधले डॉक्टर स्पष्ट बोलले — साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. आणि हे वाडगाभर साबुदाण्याची खिचडी खातायत. वर आई मलाच सांगते — "उपवासाचं आहे गं, जेवण थोडीच आहे." डोकं फिरलं माझं.

२३ सप्टेंबर
बायोकेमिस्ट्रीचं लेक्चर. जान्हवी मॅडम म्हणाल्या, स्टार्च म्हणजे ग्लुकोजचीच लांब माळ, पोटात गेली की तुटते आणि साखर रक्तात. फर्स्ट इयर, पहिलंच प्रकरण. एवढं साधं. घरी कुणाच्या डोक्यात शिरेल तर शपथ.

२५ सप्टेंबर
बाबांच्या जखमेला लावतो ते तपकिरी आयोडीन मी त्यांच्यासमोरच खिचडीवर ओतलं. काळीनिळी झाली. म्हटलं, बघा, भातावर टाकलं तरी हेच होतं, स्टार्च आहे हा.
बाबा शांतपणे — "भात नाय, चपाती नाय, मगे साखर येतली खयसून गो?"
आई भडकली. देवीच्या उपवासाचं अन्न नासवलंस म्हणे. आणि त्यांना दुसरी ताटली भरून दिली! या घरात शिकून उपयोग काय?

२७ सप्टेंबर
दोघांशी बोलत नाही मी.

२९ सप्टेंबर
ड्रेसिंग मीच करते. आज वास येत होता. कडेनं काळं पडलंय. परत खिचडीच खाल्ली होती. मी ओरडले, "मरायचंय ना, मग मरा, माझ्याकडून पट्ट्या कशाला बांधून घेता?" शेजारी ऐकू गेलं असेल. जाऊ दे. बाबा एवढंच म्हणाले, "तू नको टेन्शन घेव."
राग जातच नाही.

३ ऑक्टोबर
लघवीतली साखर तपासायचं प्रॅक्टिकल. बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून तापवायचं, साखर असेल तर विटकरी लाल, नसेल तर निळंच. दरवर्षी एका मुलीचं साधं सॅम्पल घेतात, आणि त्यातलंच थोडं काढून लॅबवाला विशाल त्यात ग्लुकोज मिसळतो. फरक दिसावा म्हणून. या वेळी सॅम्पल माझं. दोन्ही नळ्या लाल! मॅडम विशालवर उखडल्या, दोन्हीत ग्लुकोज टाकलंस म्हणून. तो कबूलच करेना. एक साधं काम धड जमत नाही लोकांना. सगळा तास फुकट, उद्या परत.

४ ऑक्टोबर
आज मॅडमनी ग्लुकोजची बरणी कपाटात बंद ठेवली. माझं ताजं सॅम्पल त्यांनी स्वतः तापवलं. लाल.
घरी बाबांनी आपलं मशीन काढून माझं बोट टोचलं. चारशेच्या वर. "माझ्यामुळे झाला गो ह्या," म्हणाले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.