उजवीकडून ओवलेला दोरा

आई,

पिंगळीत सगळ्यांना, आणि सगळ्यांच्या आधी तुला, माझा जय भीम.

मी तिरुपूरला सुखरूप हाय. रोज भातच असतो, पण पोट भरतंय. तुझा गुडघा कसा हाय?

कारखान्यात माझ्या मशिनीचा टाका सुटायचा. वीतभर शिवलं की मधेच एक टाका गायब. सुई बदलली, दोऱ्याचा ताण कमी-जास्त केला, बॉबिन साफ केली. आठ दिवस मी शिवलेल्या बाह्या परतच यायच्या.

शेवटी मिस्त्रीनं दाखवलं. इथं सुईत दोरा डावीकडून ओवायचा असतो. मी आपली तू घरी शिकवल्यासारखा उजवीकडून ओवायची. तुझं काई चुकलं न्हाई, आपल्या पायाच्या मशिनीला तसाच लागतो.

पण तवर माझी मशीन दुसरीला दिली होती. आता मी उभ्यानं कपड्यांचे सुटे दोरे कापायलेय. मशीन परत मागितली, तर सुपरवायझर म्हणला, "आठ दिवस बघितलं की तुझं."

माझी लेक मोठ्या मशिनीवर बसते, असं तू गल्लीत सांगायलीस म्हणं. सांगत जा.

काल जेवणाच्या सुट्टीत एका रिकाम्या मशिनीत दोरा ओवून बघितला. हात उजवीकडूनच गेला.

तुझीच,
सुकेशनी