सरळ उभी ठेवायची नळी

मी, मृदा अभियांत्रिकीची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने आणि खोलीला आतून कडी लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे दाखले सोबत जोडले आहेत. दोन घेतले, कारण पहिला डॉक्टर कुलगुरूंबरोबर टेनिस खेळतो. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. विशेषतः धाकट्या बहिणीने "फक्त इथे सही कर गं" म्हणून पुढे सरकवलेले.

कलम एक. बँकेतील ठेवी प्रयोगशाळेतील कंपन-मंचाच्या दुरुस्तीसाठी द्याव्यात. मातीची पेटी ठेवून भूकंपासारखी हलवण्याचे ते यंत्र आहे. या रकमेतून विद्यापीठाने प्रवेशद्वाराची कमान उभारल्यास ठेवी परत घ्याव्यात. त्यांचा नेम नाही.

कलम दोन. माती चाळण्याच्या चाळण्या विभागाला. सर्वांत बारीक चाळणी पीठ चाळायला घरी कोणी नेली होती, हे मला ठाऊक आहे.

कलम तीन. शिसवी कपाट धाकट्या बहिणीला. चावी देण्याची गरज नाही. तिने नक्कल करून घेतलेली आहे.

कलम चार. राहते घर. याबद्दल सविस्तर लिहावे लागेल.

माझ्या याच बहिणीचा मुलगा माझा विद्यार्थी होता आणि आज माझ्याच खुर्चीवर विभागप्रमुख म्हणून बसतो. मुलींचे नवे वसतिगृह बुजवलेल्या तळ्यावर उभे राहिले, तेव्हा जमीन भक्कम असल्याच्या अहवालावर सही त्याचीच होती. पायाखाली काय आहे ते मी पाहिले आहे: पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू. जोराचा हादरा बसला की अशी वाळू जमीन राहत नाही, पातळ होते आणि वरची इमारत कलंडते. हे मी प्रत्येक सभेत ओरडून सांगितले. प्रत्येक वेळी कुलगुरूंनी चहा मागवला.

मग मी तिथल्या मातीच्या जपून ठेवलेल्या नळ्या पाहायला गेले. जमिनीत जशी असते तशीच माती नळीत काढतात, तोंडे मेणाने बंद करतात आणि नळी कायम सरळ उभी ठेवतात. मेण एकदम ओतले तर थंड होताना कडेने सुटते. म्हणून मी ते पातळ थरांनी, प्रत्येक थर निवल्यावर पुढचा, असे चढवते. बाकी सगळे एकदाच ओतून मोकळे होतात. त्या नळ्यांवरचे मेण नवे होते. मी एक उघडली. आत धुतलेली, ठासून भरलेली नदीची वाळू; तळ्याच्या कुजक्या वासाचा मागमूस नाही. आणि मेण होते पातळ थरांचे. ही पद्धत मी आयुष्यात दोघांनाच शिकवली. त्यांतला एक माझा भाचा.

मी त्याला विचारले. तो म्हणाला, "मावशी, तुला सगळीकडे चोर दिसतात. आता आराम कर. माती कुठे पळून जातेय?"

"हलवून बघ, पळते की नाही," मी म्हणाले.

"आणि तुझ्याकडे पुरावा काय? मेण?"

पुरावा माझ्या पलंगाखाली होता: त्याच तळ्यातली, बांधकामाआधी मी स्वतः काढलेली एक नळी, उभी, मेणबंद. पण निवृत्त बाईच्या पलंगाखालची माती समितीला चालत नाही आणि प्रयोगशाळेचे कुलूप त्याने बदलले आहे.

माझा संशय वेडेपणा नाही, हे मला त्याच्या मुलीकडून कळले. ती याच विभागात शिकते. परवा मला म्हणाली, "आजी, माझ्या सगळ्या मैत्रिणींना त्या वसतिगृहात खोल्या मिळाल्या. मलाच बाबा नाही म्हणतात. कारण विचारलं की जेवणाच्या ताटावरून उठून जातात."

म्हणून या मृत्युपत्राची प्रत भाच्याला आजच पोचेल. माझ्या मरणाची वाट पाहायची नाही. वसतिगृह उघडण्यापूर्वी त्याने माझी नळी सर्व विद्यार्थ्यांसमोर कंपन-मंचावर तपासावी आणि जे दिसेल ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. वाळू भक्कम निघाली तर मी जाहीर माफी मागेन. पातळ झाली तर त्याने सही मागे घ्यावी. दोन्ही प्रकारे घर त्याचे. सत्य बोलणाऱ्या माणसाला डोक्यावर छप्पर लागते. त्याची नोकरी बहुधा राहणार नाही.

त्याने टाळले, तर तपासणी त्याची मुलगी करेल आणि घर तिचे. नळी काल संध्याकाळीच तिच्या स्वाधीन केली आहे. प्रयोगशाळेत ती रोज जाते, तिला कोणी अडवत नाही. रिक्षात मांडीवर उभी धरून, एकही धक्का न देता ती नळी घेऊन गेली. तिच्या बापाला तपासण्याची पहिली संधी द्यायची, हा हट्ट तिचा, माझा नव्हे.

मेण लावायला मी शिकवलेली दुसरी तीच; या नळीच्या मेणाला कोणी हात लावला तर तिला लगेच कळेल.

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. (मजकूर वाचूनच सही केली. मी समोर बसून वाचायला लावला.)
२. वकीलबाई. (प्रत्येक पानावर सही. पाने मी मोजून घेतली.)

ठिकाण: माझे घर, जे खडकावर आहे.
दिनांक: वसतिगृह उघडण्याच्या आधीचा रविवार.

सही