लाल पालाखाली

माय,

उद्या बोथचा आठवडी बाजार. आपल्या जागेवरची लाल ताडपत्री मी उतरवली आहे आणि तुझ्यासारखंच पांढरं पाल शिवलं आहे, खताची रिकामी पोती उसवून, धुऊन, एकाला एक जोडून. शेजारी लसूण विकणाऱ्या काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "टमाटे फिक्के दिसतीन वं, कोन घेईन?" नाही घेतले तर नाही घेतले. मी ठरवलं आहे.

तुझा बाजार मला अजून दिसतो. पोत्यांच्या पालाखाली तू बसली आहेस, पुढ्यात पालक, मेथी, टमाटे. कोणी टमाटा उचलला की तू म्हणतेस, "उनात धरून पाहा, बाई." गिऱ्हाईक तेलुगू असलं तर, "एंडलो चूडम्मा." ते कंटाळतं, पण तू सोडत नाहीस. स्वतः उठून टमाटा पालाबाहेर नेतेस आणि उन्हात त्याच्या हातावर ठेवतेस. "हातच्या कांकनाले आरसा कायले?" हे वर. मला तेव्हा फार लाज वाटायची. बाकीचे बसल्या जागी विकतात आणि आमची माय सारखी ऊठबस करते, असं व्हायचं.

म्हणून तर कापूस वेचणीच्या माझ्या पहिल्या मजुरीतून मी तुझ्यासाठी आदिलाबादहून लाल ताडपत्री आणली. नुकतीच बारावी झाली होती, स्वतःला फार शहाणी समजत होते. हौसेनं बांधली. टमाटे असे लालबुंद दिसायला लागले की मीच बघत राहिले. पालक मात्र काळा पडला. तू जुडी उलटीपालटी केलीस. "काऊन वं, भाजीले काय झालं?" मग मी तुला शाळेतलं सगळं सांगितलं. उन्हात सगळे रंग असतात. पालक त्यातला हिरवा परत फेकतो, बाकीचे पिऊन टाकतो, म्हणून तो हिरवा दिसतो. लाल ताडपत्रीतून खाली येतो फक्त लाल उजेड. पालक तोही पितो, परत फेकायला काही उरतच नाही, म्हणून काळा. आणि अर्धकच्चा पिवळा टमाटा लाल, हिरवा दोन्ही परत फेकतो. इथे त्याला मिळतो एकटा लाल, म्हणून तोही पिकल्यासारखा दिसतो. तू सगळं नीट ऐकून घेतलंस. "म्हंजे हे पाल लबाड बोलते," म्हणालीस. "अन् तुले ठाऊक असून तू आनलं?"

पुढच्या बाजारी तुझं जुनं गिऱ्हाईक, ते शिवणकाम करणारे मामा, मी पालाखालीच निवडून दिलेल्या टमाट्यांची पिशवी घेऊन थोड्या वेळात परत आले. भांडले नाहीत. पालाबाहेर उन्हात एकेक टमाटा मांडला, सगळे पिवळट. तू त्यांना पिकलेले निवडून दिलेस, आणि ते गेल्यावर मला म्हणालीस, "काढ ते." मी काढलं नाही. माझ्या पहिल्या मजुरीची वस्तू होती ती. दोन दिवस जेवले नाही, तुझ्याशी बोलले नाही. शेवटी तूच माघार घेतलीस. पालक उन्हात मांडलास, ताडपत्री राहू दिलीस. टमाटा मात्र बाहेर नेऊनच दाखवत राहिलीस.

मग तुझा तो शेवटचा हंगाम. गुडघ्यांमुळे तुला शेतात येणं होत नव्हतं. मी दिवसभर शेतात. तुला पाहायचे ती घरी चुलीपुढच्या पिवळ्या बल्बखाली, नाहीतर बाजारात लाल पालाखाली. एका बाजारी ते मामा आले, तू सवयीनं टमाटा घेऊन गुडघे धरत बाहेर गेलीस. मामांनी टमाट्याकडे पाहिलंच नाही. "बाई," ते म्हणाले, "तुमचे डोये तं हयदीसारखे पिवये झाले." मी धावत बाहेर आले. उन्हात तुझे डोळे पिवळे होते, तळहात पिवळे होते. आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? पिवळा टमाटा लाल पालाखाली कसा दिसतो, हे मला पाठ होतं. तू त्या ताडपत्रीचं नावही काढलं नाहीस. चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. मला अजून राग आहे तुझा त्याबद्दल.

तू गेल्यावरही मी ती उतरवली नाही. टमाटे विकले जात होते हे एक, आणि उतरवली असती तर का उतरवली हे स्वतःला सांगावं लागलं असतं. अशी वर्षं गेली. गेल्या बाजारी लसणीच्या काकू माझ्या पालाखाली येऊन टेकल्या. "मले काई बरं वाटून नाई राह्यलं," म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा लालसर, टवटवीत. उत्तर तोंडाशी आलं होतं, ते गिळलं आणि त्यांचा दंड धरून त्यांना उन्हात ओढत नेलं. डोळे पाहिले, जीभ पाहिली, हात उलटेपालटे केले. "काय पाहून राह्यली वं, म्हैस घ्याची हाय का?" त्या हसायला लागल्या. डोळे पांढरे होते. नुसता थकवा होता. मला मात्र भर बाजारात रडू फुटलं. त्याच संध्याकाळी ताडपत्री सोडली, आणि पुन्हा बांधणार नाही. कैची घेऊन तिचे तुकडे केले, म्हणजे मनात आलं तरी बांधता येऊ नये. उद्यापासून टमाटा उन्हात नेऊन दाखवीन, फिक्का असला तर फिक्का म्हणून विकीन. गुडघे अजून चांगले आहेत माझे.

हे पत्र कुठे टाकायचं? तुला वाचता येत नव्हतं, आणि मी मोठ्यानं कधी वाचून दाखवणार नाही. तराजूच्या डब्यात ठेवून देते. एवढं एकच कोणाला सांगितलेलं नाही. मामांनी पाहिलं त्याच्या तीन बाजार आधी, त्याच पालाखाली, तू मला म्हणाली होतीस की बरं वाटत नाही. मी तुझ्याकडे चांगलं निरखून पाहिलं होतं, माय, आणि म्हटलं होतं, "चांगली तं दिसून राह्यली तू."