नकाशावरचा ठिपका

मंगळवार, १४ नोव्हेंबर
दुकानातून, दुपारी

ठमाबाई,

मोठ्यांनी द्यायचे असतात ते सगळे आशीर्वाद आधी घे, मग काय रागवायचं ते रागव. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण कामाला नाही म्हणत नाहीत. तुझी मावशीही बरी आहे, फक्त तिला ते मान्य नाही.

दुकान ठीक. तू शिकवून गेलीस ते सगळं करते. लोकरीचे फोटो नेटवर टाकते, त्यांना लाल बदाम मिळतात. बदाम देणारे लोकर घेत नाहीत, ही गोष्ट वेगळी. दर शुक्रवारी गिऱ्हाइकांना मेल जातो आणि शनिवारी चहा घेऊन मी रिपोर्ट बघते. किती जणांनी मेल उघडला, किती जणांनी लिंक दाबली, कुठल्या गावातून.

खरं सांगू? मी सगळ्यांचं बघत नाही. यादीत सगळ्यात वर तुझा पत्ता आहे, तूच चाचणीसाठी घातलेला. "दुकान बंद कर आणि माझ्याकडे ये, नाहीतर बस त्या लोकरीत," असं म्हणून तू फोन ठेवलास आणि पुन्हा उचलला नाहीस. पण दर शनिवारी तुझ्यापुढे लिहिलेलं असायचं, उघडलं. मी म्हणायची, बोलत नाही तर नाही, वाचते तरी आहे. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा.

मग मी मेलमध्ये हळूच घरचंही घालायला लागले. नव्या सुया आल्या आहेत, आणि दुकानाच्या मालकिणीच्या खोकल्याला आता उतार आहे. गिऱ्हाइकं बिचारी औषधं सुचवायची. एक बाई तर वाफ घ्यायचं यंत्र घेऊन दुकानात आल्या. तुझ्याकडून काही नाही. पण उघडलं.

गेल्या महिन्यात रिपोर्टमधल्या नकाशावरचा तुझा ठिपका हलला. थेट शेजारच्या शहरात. इतक्या जवळ येऊन घरी आली नाही, म्हणजे काहीतरी झालं असणार. नोकरी गेली, की आजारी आहे, की दोन्ही? पुढच्या शनिवारीही ठिपका तिथेच. मी दुकानाला कुलूप लावलं, मावशीला "बटणं आणायला चालले" म्हणून सांगितलं आणि बस पकडली.

ठिपक्याखाली नुसतं शहराचं नाव होतं. अख्ख्या शहरात माणूस कसं शोधतात? एका दवाखान्यासमोरच्या बाकावर बसले. उंच, जरा वाकून चालणारी मुलगी दिसली की उठायची. एकीच्या मागे औषधांच्या दुकानापर्यंत गेले. तिने वळून विचारलं, "काकू, काही हवंय का?" मी म्हटलं, "नाही गं, चुकले." परतीच्या बसमध्ये खूप रडले. बटणं आणायचीही राहिली.

बटणांवरूनच मावशीने मला पकडलं आणि सगळं वदवून घेतलं. ती समोरच्या छापखानेवाल्याला घेऊन आली; तो स्वतःच्या जाहिराती मेलने पाठवतो. त्याने चष्मा वर करून रिपोर्ट पाहिला.

"काकू, हा ठिपका मुलीचा नाही. मेलच्या कंपनीचा कॉम्प्युटर तिथे असणार."

"आणि उघडलं म्हणून लिहिलंय ते?"

"कितीतरी फोन आलेला मेल आपोआपच उघडून ठेवतात. माणसाने हात लावो न लावो, इथे उघडलं असंच येतं."

"म्हणजे तिने वाचलंच नाही?"

"वाचलंही असेल. यावरून कळत नाही, एवढंच. लिंक दाबली असेल तर गोष्ट वेगळी."

तो गेल्यावर मी सगळे जुने रिपोर्ट काढले. लिंक तू एकदाही दाबलेली नाहीस.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. इतके दिवस तू वाचत होतीस की ते मशीन? तू बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर? हे पत्र तुझ्या जुन्याच पत्त्यावर टाकते आहे. तिथे राहतेस की नाही, तेही मला ठाऊक नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. तू म्हणालीस ते बरोबर होतं. दुकान केव्हाच बंद करायला हवं होतं. दिवसाकाठी चार बटणं आणि एखादी सुई, एवढीच विक्री. तरी रोज शटर वर करते. दुकान नसेल तर शुक्रवारी तुला कुठल्या निमित्ताने मेल पाठवू? आई म्हणून लिहिलं आणि तू उत्तर दिलं नाहीस तर मला सोसलं नसतं. दुकानाच्या मेलला उत्तर द्यायलाच हवं असं नसतं, म्हणून तुझं गप्प राहणं चालून जात होतं.

महिनाअखेर दुकान रिकामं करते आहे. जागेच्या मालकांना कालच सांगितलं.

म्हणजे शुक्रवारचा मेल आता येणार नाही. काळजी करू नकोस.

नाही, थोडी कर.

तुझी,
आई