पहिल्या दहा फेऱ्यांआधीचे मृत्युपत्र

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा मोटारींचे ब्रेक दुरुस्त करणे, शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि मला कोणी फूस लावलेली नाही. उलट हे लिहू नये म्हणूनच घरातल्यांनी माझ्यामागे लकडा लावला आहे. वकिलांनी छापील मसुदा दिला होता. त्यातली निम्मी वाक्ये मलाच कळली नाहीत, म्हणून क्रम तेवढा त्यांचा घेतला आणि शब्द माझे घातले. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आयुष्य देवाच्या हाती आहे याबद्दल मला शंका नाही. पण ब्रेक माझ्या हातचे आहेत, आणि उद्या सकाळी त्यांच्या भरवशावर मी शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी घालणार आहे.

एक. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व गच्चीचा जिना धरून, पत्नीला. बँकेतली ठेवही तिचीच. न्हाणीघराच्या दाराची कडी मी तीन वर्षे उद्या बसवतो म्हणतो आहे. ती राहिलीच तर सुताराला बोलवावे. माझ्या धाकट्या भावाला सांगू नये. तो कडी इतकी मोठी आणेल की दार बदलावे लागेल.

दोन. गॅरेजची जागा भाड्याची आहे, ती सोडायची की ठेवायची हे पत्नीने ठरवावे. हत्यारे सगळी मुलीला. तिला गाड्यांची आवड नाही हे मला माहीत आहे. पण घेतलेली वस्तू जागेवर ठेवायची सवय या घरात फक्त तिला आहे. नट किती आवळला हे दाखवणारा लांब पाना तिने कुणालाही, विशेषतः काकाला, उसना देऊ नये. माझ्याकडून त्याने तो दोनदा नेला आणि दोन्ही वेळा हातोडीसारखा वापरून परत आणला.

तीन. माझे कपडे, घड्याळ, रेडिओ यांचे काय करायचे ते मी लिहीत बसत नाही. शोभेची एकही वस्तू माझ्याकडे नाही.

चार. आता गाडी. लाल, दोन आसनांची, छप्पर काढता येणारी. कागदोपत्री माझी, चालवतो धाकटा. अकरा वर्षांपूर्वी अपघातानंतर नुसता सांगाडा उरलेली ही गाडी त्याने शोधली आणि मी उभी केली. महिन्यातून एकदा ट्रॅकवर हौशी लोकांना गाड्या पळवू देतात, तिथे तो ती नेतो. नोकरी विमा कंपनीत. आठवडाभर लोकांना धोके समजावून सांगतो आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन घेतो.

पुढचे ब्रेक मी तीन वर्षांपूर्वी मोठे केले. मागचे मूळचेच राहिले. ट्रॅकवर दिवसभर पळवली की मागच्या पातळ डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या, तापून निळ्या पडत, त्यांना घासणारे पॅड एका दिवसात संपत आणि शेवटच्या फेऱ्यांना पेडल खोल जाई. मी म्हटले, मागचेही मोठे करू, पण मापात करू. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. हलक्या चाकाला जास्त जोर दिला तर ते पुढच्याआधी जाम होते आणि गाडीची शेपूट पुढे यायला बघते. हे मी त्याला जेवताना ताटाभोवती वाट्या सरकवून दाखवले आहे. तो "हो दादा" म्हणाला. हो दादा म्हणजे त्याने ऐकलेले नाही, हे तो चार वर्षांचा असल्यापासून मला माहीत आहे.

मध्ये आठ दिवस मी तापाने पडलो. तेवढ्यात त्याने गाडी चकचकशेठकडे नेली. हा आमच्या रस्त्याच्या टोकाचा दुकानदार, लावण्यापेक्षा बघण्याचेच सुटे भाग जास्त विकतो. त्याने पुढे आहेत तसलीच दांडगी कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटा घेणारे भाग, मागेही बसवली. का, तर चारी चाकांतून सारखी दिसतात. त्यांना हँडब्रेकची सोय नव्हती, म्हणून हँडब्रेकची वायरही काढून टाकली. दुसऱ्या दिवशी गॅरेजसमोरच्या उतारावरून गाडी आपणहून निघाली आणि समोरच्या टेलरच्या पायरीला जाऊन टेकली. पायरीवर त्या वेळी कोणी बसलेले नव्हते. एवढ्यावर शहाणे व्हायचे, तर हा ती तशीच ट्रॅकवर घेऊन गेला. पहिल्याच वळणाला पेडल दाबले, मागची चाके जाम, दोन गिरक्या आणि टायरांच्या भिंतीत. घरी येऊन हसत सांगितले की गाडी नाचली. त्यानंतर मी दहा दिवस त्याच्याशी बोललो नाही. रागापेक्षा, तोंड उघडले तर रडू येईल की काय, याची भीती होती.

पाच. ती दोन कॅलिपर चकचकशेठला परत द्यावीत. माझ्याकडून भेट. काचेत मांडावीत, पुन्हा कोणाच्या मागच्या चाकाला लावू नयेत.

सहा. हे कलम कोणाला काही देत नाही, पण हे नसेल तर बाकीचा कागद खोटा ठरेल.

नीट काम करायला मला पाच महिने लागले. एकदा डिस्क आल्या त्यांची भोके जुळेनात. दुसऱ्यांदा दोन्ही डाव्या बाजूच्या आल्या. पुरवठादाराला फोन केला की तो प्रत्येक वेळी विचारी, कुठली गाडी म्हणालात. धाकटा रोज विचारी, झाली का. मी त्याला रोज धसमुसळेपणावर व्याख्यान देई. शेवटी गेल्या आठवड्यात बेताच्या मापाची जाड डिस्क, छोट्या पिस्टनची कॅलिपर आणि हँडब्रेकसाठी वेगळे लहान कॅलिपर असे सगळे बसले. मग ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला घेतली. दोन दिवस ब्रेकचे तेल ओतत होतो, तरी पेडल ओल्या स्पंजावर पाय ठेवल्यासारखे. पहिल्या दिवशी पेडल दाबायला धाकटा होता. तो कंटाळून म्हणाला, होईल ट्रॅकवर आपोआप घट्ट. मी त्याला हाकलून दिले. दुसऱ्या दिवशी पत्नी बसली. तिने तासभर, मी सांगेन तसे, दाबले आणि सोडले. मग खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाली,

"अहो, हवा वर जाते ना?"

"जाते."

"मग तुम्ही ती खालून कशी काढताय?"

मी चाकापाशी उकिडवा होतो, तिथेच फरशीवर बसलो. हवा काढायचा स्क्रू कॅलिपरच्या माथ्यावर असायला पाहिजे. मी डावे कॅलिपर उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसवले होते. दोन्ही स्क्रू खाली, हवा वर निवांत. अठ्ठावीस वर्षे मी हेच काम करतो. दुसऱ्या कोणी हे केले असते तर मी त्याला गल्लीभर ऐकवले असते. तीन तासांत अदलाबदल करून बसवले, पेडल दगडासारखे झाले. पण त्या दिवसापासून मला धड जेवण जात नाही. पेडल जरा कमी मऊ लागले असते, तर मी धाकट्याला चावी दिली असती, आणि वर चार उपदेशही केले असते.

म्हणून पहिल्या दहा फेऱ्या मी मारणार. हे सांगितले तेव्हा तो भडकला. मी आयुष्यात ट्रॅकवर एकदाच गेलो आहे, त्याच्या शेजारी, डोळे मिटून.

"दादा, तुला वळणं माहीत नाहीत."

"मला ब्रेक माहीत आहेत."

"परवापर्यंत तेही नव्हते," तो म्हणाला.

हे खरे आहे. पण निर्णय तोच आहे. मागच्या चाकांवर दुसरी कुठली चूक राहिली असेल, तर ती माझ्या अंगावर यावी.

सात. गाडी धाकट्याला. सीटजवळ मागच्या ब्रेकचा जोर कमीजास्त करणारी खुंटी आहे, तिच्यावर मी पांढरी खूण केली आहे. खुणेच्या पुढे फिरवू नये. प्रत्येक ट्रॅकनंतर ब्रेकचे तेल बदलावे. लहान कॅलिपर कुरूप दिसते म्हणून काढू नये. उद्या माझे काही बरेवाईट झाले तर याने भावाला जाऊ दिले असे त्याला कोणी म्हणू नये, त्यानेही स्वतःला म्हणू नये. ऐकायचे नाही हा गुण आम्हा दोघांत सारखा वाटला गेला आहे.

आठ. वर न लिहिलेले आणि वरच्या कलमांतून काही कारणाने सुटलेले सर्व पत्नीला.

नऊ. कोणाच्याही गाडीचे काम झाले की चावी देण्याआधी मी देवाला मनात एवढेच सांगतो, याला घरी पोचव. स्वतःसाठी हे कधी मागितले नाही. उद्या मागेन, आणि अवघडल्यासारखे होईल.

सह्यांआधी एक जादा नोंद करणे भाग आहे. साक्षीला येणारे पोस्टमास्तर दाढदुखीमुळे आले नाहीत. धाकटा माझ्यासाठी त्याचे हेल्मेट घेऊन आला होता. त्याने हा कागद उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचला आणि पेन मागितले. मी सांगितले की वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, झाला तर त्याचे कलम रद्द धरावे. तो म्हणाला, "म्हणूनच मागतोय. तुझ्यामागे मला ती गाडी नकोय. दहा फेऱ्या मार, परत ये, आणि चावी हातात दे." मी त्याला रागावून सगळे पुन्हा समजावले. साक्षीला आलेल्या टेलरनेही समजावले. त्याने आमचे बोलणे संपू दिले आणि सही केली. मग हेल्मेट माझ्या डोक्यावर घालून हनुवटीखालचा पट्टा स्वतः ओढून बघितला.

तरी सातवे कलम रद्द समजावे. त्यातल्या सूचना मात्र चालू आहेत.

स्थळ: गॅरेजमागची खोली. वार शुक्रवार, दुपारी साडेचार. तारीख सहीशेजारी हाताने घातली आहे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले: समोरचे टेलर. सहीपूर्वी चष्मा पुसून सर्व वाचले. (सही)

साक्षीदार दुसरे: (सही) नाते: सख्खा धाकटा भाऊ. या कागदाने मिळणार: काही नाही. हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, आणि खाली दोन रेघा ओढल्या आहेत.